दरेकसाचा बोगदा

बाबांच्या खाकी शर्टाच्या वरच्या खिशात एक छोटी डायरी आणि शिसपेन्सिल असायची. पेन ते घेत नसत, घामाने शाई फुटायची. १९६२मध्ये ते आर्वीहून भिलईला आले आणि स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये लागले. भट्टीजवळ उभे राहून तापमानाचे आकडे डायरीत टिपायचे आणि पाळी संपताना ऑफिसातल्या जाडजूड लॉगबुकात उतरवायचे. लॉगबुक भट्टीपाशी नेता येत नसे, म्हणून ही डायरी. सेकंड शिफ्ट करून ते रात्री क्वार्टरवर आले की मी ती चाळत बसे. एकदा विचारलं, चुकलेला आकडा तुम्ही रबराने का पुसत नाही? म्हणाले, "पुसायचं नाही, पोरी. लॉगबुकाचाच नियम डायरीलेही. एक रेघ मारायची, खाली बरोबर आकडा लिहायचा न् सही करायची. पुढच्या पाळीवाल्याले चूकही दिसली पायजे."

२००७मध्ये मी नागपूरला नोकरी करत होते. शनिवारी भिलईला घरी, रविवारी रात्री परत. डोंगरगडची टेकडी मागे पडली की बोरतलाव, मग दरेकसाचा बोगदा, सालेकसा. दोन्ही बाजूंना जंगल. तिथे डेटाकार्डाचा दिवा विझायचा आणि ब्राउझरात लिहीत असलेलं पान पांढरं पडायचं. वेब ॲप राहायचं दूर कुठल्या तरी सर्व्हरवर, ब्राउझर ही त्याची नुसती खिडकी. त्याच वर्षी मे महिन्यात गुगलने 'गिअर्स' आणलं. ब्राउझरला जोडायचं हे छोटं सॉफ्टवेअर पानं जपून ठेवायला जागा द्यायचं, लिहिलेलं साठवायला एक लहान डेटाबेस द्यायचं. झोहो रायटरने ते लगेच, ऑगस्टमध्ये, स्वीकारलं, आधी फक्त वाचण्यापुरतं; काही महिन्यांत नेटशिवाय लिहिताही येऊ लागलं. बोगद्याच्या अंधारात मी ब्राउझरात अर्धं पान लिहिलं आणि ते गोंदियाला शाबूत होतं, तो आनंद मी विसरलेले नाही.

गिअर्स पुढे बंद झालं, पण त्यातली कल्पना ब्राउझरांनी स्वतःत घेतली. २०१५च्या सुमारास आलेला 'सर्व्हिस वर्कर' हा पान आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसलेला कारकून समजा. पानाची प्रत्येक मागणी त्याच्या हातून जाते. नेट असेल तर तो तिकडून आणतो, नसेल तर स्वतःच्या कपाटात ठेवलेलं काढून देतो. आपण लिहिलेलं तेवढ्यापुरतं 'इंडेक्स्डडीबी'त, म्हणजे ब्राउझरच्याच पोटातल्या डेटाबेसात राहतं. ही खिशातली डायरी. पण डायरीतलं लॉगबुकात उतरलं की नाही, हे कोण सांगणार?

बाबा गेले ते २०१६चं वर्ष. तेराव्याला नातेवाइकांना वाचून दाखवायला मी त्यांच्या आठवणी गाडीत, मोबाइलवरच्या एका वेब वहीत लिहिल्या. अक्षरं डोळ्यांसमोर होती, म्हणजे पोचली असं मी धरून चालले. दुर्गला उतरण्याआधी फोन भरला म्हणून ब्राउझरची साठवण साफ केली. सगळं गेलं. ते लिखाण अजून सर्व्हरपर्यंत गेलेलं नव्हतं आणि वहीने तसं कुठेही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ऑफलाइन चालणारं कुठलंही ॲप हातात आलं की 'अजून पोचलं नाही' ही खूण मी आधी शोधते. ती नसेल तर त्यात काही लिहीत नाही.

आता मी भिलईतच असते. आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयाची खोली जाड भिंतींची आहे, आत रेंज येत नाही. पुस्तकांच्या देवघेवीसाठी मी एक वेब ॲप केलं, दोघी जणी दोन फोनवर नोंदी करतो. एका रविवारी मी एक पुस्तक परत आल्याचं नोंदवलं, दहा मिनिटांनी मैत्रिणीने तेच दुसऱ्या सभासदाला दिलं. अंगणात आल्यावर आधी तिचा फोन नेटला लागला, मग माझा. माझ्या नोंदीने तिची पुसून टाकली. पुस्तक सभासदाच्या घरी आणि ॲप म्हणतंय कपाटात! उशिरा पोचेल ते खरं, असा सोपा नियम मी ठेवला होता आणि तो चूक होता. महिनाभर खपून तो बदलला. आता कुठलीच नोंद पुसली जात नाही. प्रत्येक देवघेव ही वेगळी ओळ, शेजारी वेळ आणि कोणाचा फोन ते. दोन ओळी जुळल्या नाहीत तर ॲप दोन्ही दाखवतं आणि आम्ही ठरवतो. चुकलेल्या ओळीवर रेघ पडते, खाली नवी येते. बाबांचं लॉगबुक असंच दिसायचं.

गावाला निघण्याआधी तुम्हीही घरीच एकदा हे करून बघा. नेट असताना ऑफलाइन वापरायचं ॲप उघडा, मग विमान मोड लावा, ॲप बंद करून पुन्हा उघडा आणि एक ओळ लिहा. नेट सुरू केल्यावर ती ओळ दुसऱ्या फोनवर दिसली, तरच विश्वास ठेवा. आयफोनवाल्यांनी ॲप होम स्क्रीनवर टाकून घ्यावं. सफारी वापरात असताना सात दिवस एखाद्या साइटला हात लागला नाही, तर तिची साठवण सफारी काढून टाकते. आणि लिहिलेलं पोचल्याची खूण दिसेपर्यंत, फोन कितीही भरला तरी, ब्राउझर साफ करू नका.