तिनाचा आठ

चित्रकलेच्या मास्तरला शाळेत कोणतेही काम सांगता येते, असा आमच्याकडे एक अलिखित नियम आहे. गणपतीची आरास, संमेलनाचा पडदा, पाहुण्यांच्या नावाचा फलक, सगळे माझ्या गळ्यात. त्यातून माझे शिक्षण मॅट्रिक आणि वर चित्रकलेची पदविका. कादंबऱ्या लिहितो हा गुन्हा वेगळाच. तेव्हा शाळेच्या मागल्या गुदामात दहा मीटर एअर रायफलचा वर्ग सुरू झाला आणि देखरेखीला माझी नेमणूक झाली, याचे मला नवल वाटले नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्हाला गोल काढता येतात."

गोल मला काढता येतात, पण हे गोल पाहून मीही वरमलो. त्या कागदी निशाणाचा सगळा घेर ४५.५ मिलिमीटरचा, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. पेन्सिलीला चांगले टोक नसेल तर माझ्या हातूनही तो ठिपका मोठाच व्हायचा. तो दहा मीटरवरून, उभ्याने, साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याने टिपायचा!

आमच्या कोल्हापूर जिल्ह्याला या खेळाचे अप्रूप नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. पुढे २०२४ साली कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. ही दोघे पन्नास मीटरवरची, पण गावोगावच्या पोरांना तो भेद कोण सांगणार? नववीतल्या एका मुलीने एके दिवशी मला विचारले, "सर, मी धरून बघू?" तिने रायफल खांद्याला लावली आणि ती दगडासारखी स्थिर झाली. मी आजवर पुष्कळ मॉडेल समोर बसवून चित्रे काढली आहेत. इतके स्थिर कोणी बसलेले मला आठवत नाही.

रायफल मात्र तीन घरची होती. यंत्र एका जर्मन कारखान्याचे, लाकडी दस्ता दुसऱ्याच कोणाचा, गालाची पट्टी इथल्याच सुताराने केलेली. नवी घ्यायची म्हणजे लाखांची गोष्ट. आणि मुलीचे वडील हंगामापुरते गुऱ्हाळावर. शाळेने ती एका खेळ सोडलेल्या माणसाकडून घेतली होती, आणि नळीखालचे सिलिंडर त्याने सोबत दिले होते. सगळी गोम त्या सिलिंडरात होती.

अशा रायफलीत दारू नसते, फक्त हवा असते. सिलिंडरात ती २०० बार दाबाने कोंबायची. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असते, म्हणजे कल्पना येईल. मध्ये एक नियामक असतो. तो प्रत्येक गोळीला सारख्याच दाबाची हवा मोजून देतो, म्हणून पहिली गोळी आणि साठावी गोळी एकाच वेगाने सुटते. हवेची बंदूक हा काही आजचा शोध नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जिरांदोनी नावाच्या कारागिराने ऑस्ट्रियाच्या फौजेसाठी अशी बंदूक केली होती. तिचा दस्ता हीच हवेची टाकी, आणि ती भरायला पंपाचे सुमारे १५०० हात मारावे लागत. आमचा पंपही हाताचाच. मुले आळीपाळीने त्यावर लोंबकळत तेव्हा त्या ऑस्ट्रियन शिपायांची मला फार कणव येई.

२०२३ च्या पावसाळ्यानंतर स्पर्धेची पत्रके आली, आणि नियम वाचता वाचता माझे बोट एका ओळीवर थांबले. सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षे. ती उलटलेली नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूची. मी सिलिंडर उजेडाकडे धरले. २०१३. महिनाही निघून गेला होता.

मग शोध सुरू झाला. तोवर माझी भाबडी समजूत अशी, की हवा ती हवा, सिलिंडर ते सिलिंडर. जर्मनीत उल्म नावाचे एक गाव आहे. आइन्स्टाइन १८७९ साली तिथेच जन्मला. त्या एका गावात निशाणी रायफली करणारी दोन नामांकित घराणी नांदतात, आणि तिसरे ओबर्नडॉर्फला. पण एकाचे सिलिंडर दुसऱ्याच्या रायफलीला बसेलच असे नाही. कुठे आटे वेगळे, कुठे झडपेची दांडी, कुठे लांबी. एकाच घराण्याचा जुना नमुना आणि नवा नमुना यांचेही पटेल याची हमी नाही. आमच्या यंत्राचा नमुना जुना. मुंबईच्या एका दुकानदाराने फोनवर किंमत सांगितली, आणि वर, "पण बसेल का ते मी नाही सांगू शकत," असेही सांगितले.

शेवटी मी रायफल घरी ठेवून नुसते सिलिंडर पिशवीत घातले आणि उद्यमनगर गाठले. हातात दुसऱ्या बनावटीचे एक उसने सिलिंडर होते. दोन्हींच्या मध्ये बसेल असा पितळी जोड करून घ्यायचा, असा माझा बेत. त्याचे चित्रही मी काढून नेले होते, छायाप्रकाशासकट! लेथवरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ते चित्र लांब धरून पाहिले. "मास्तर, चित्र झ्याक हाय," ते म्हणाले. मग त्यांनी आट्यांचे गेज काढले. एक पाते लावले, दुसरे लावले. इंची आट्याचा कोन ५५ अंशांचा, मिलिमीटरच्या आट्याचा ६०. व्हिटवर्थने १८४१ साली पहिला कोन ठरवला, त्याला पावणेदोनशे वर्षांवर होऊन गेली, तरी दोन्ही घराणी अजून एकाच कपाटात नांदतात. वरून सारखेच दिसतात.

"दोन फेरं गेला म्हंजे बसला असं न्हवं. पाण्याच्या नळाला चालंल. ह्यात दाब किती म्हणालासा?"

मी सांगितले. त्यांनी सिलिंडर माझ्या पिशवीत परत ठेवले, अंडे ठेवावे तसे.

"पोरगी गाल लावून उभी ऱ्हाती न्हवं ह्येच्यावर? मी न्हाई करणार."

चहाचे पैसेही त्यांनी मला देऊ दिले नाहीत. त्या वेळी मला त्यांचा रागच आला होता, हे कबूल केले पाहिजे.

आणि आता जे सांगायचे ते सांगतो. त्या रात्री घरात निजानीज झाल्यावर मी सिलिंडर टेबलावर घेऊन बसलो. ठशातला शेवटचा आकडा इंग्रजी तीन. त्याची तोंडे डावीकडे उघडी असतात. दोन बारीक कमानी ओढल्या की आठ होतो. २०१३ चे २०१८. कोरणी माझ्याकडे होती. ताम्रपटावर अक्षरे कोरण्याचे काम मी पूर्वी पोटासाठी केले आहे. मी आधी कागदावर सराव केला. एक पान तिनांचे आठ केले. शेवटच्या ओळीतले आठ असे जमले की माझे मलाच कौतुक वाटले. मनाशी म्हणत होतो, दहा वर्षे आणि एक महिना यांत धातूला काय कळते? मग कोरणीला धार लावली, सिलिंडर मांडीवर घेतले, आणि सवयीने नीट दिसावे म्हणून गाल त्याच्या जवळ नेला. धातू गार होता. कोरणी मी डबीत घातली. त्यात शौर्य काही नव्हते. नुसती भीती वाटली. शिवाय दाब असलेल्या नळीवर ओरखडा काढणे म्हणजे काय, हे मला मिस्त्रींच्या तोंडाकडे पाहून कळले होतेच.

सिलिंडर मिळाले ते पुण्याहून. रायफल विकणाऱ्या त्या गृहस्थांचा एक जुना जोडीदार होता. त्याच्याकडे त्याच कारखान्याचे, त्याच आट्यांचे, २०१९ चे एक पडून होते. त्याने पूर्ण रिकामे करून पाठवले आणि पैसे "जमतील तसे द्या" म्हणाला. ते जुन्यापेक्षा चार बोटे लांब निघाले. रायफलीचे तोंड जड झाले. वजनाची मर्यादा साडेपाच किलो, तिच्या आत कसेबसे राहिलो, पण मुलीचा तोल गेला. अकरा दिवस तिने गोळी न घालता नुसती रायफल धरली, भिंतीकडे तोंड करून. तपासणीच्या टेबलावर त्या माणसाने सिलिंडरावरचा ठसा पाहिला, मान हलवली आणि पुढच्याला हाक मारली. दोन सेकंद लागले असतील. स्पर्धेत ती बरीच मागे राहिली. परतीच्या एस.टी.त मात्र खिडकीशी बसून शेंगा खात होती.

दिवाळीच्या सुट्टीआधी माझी चित्रवही चाळताना तिला ते पान सापडले.

"सर, एवढे आठ कशाला काढलेत?"

"हात बसावा म्हणून," मी म्हणालो.

तिने पान जवळ घेऊन पाहिले. "ह्यांच्या आत तीन दिसतोय," ती म्हणाली, आणि वही माझ्यापुढे ठेवून पंप मारायला गेली.