बाबांची मूठ

मिनेसोटात एच-४ व्हिसावर आले आणि माझी शाळा सुटली. शेजारचे आजोबा गॅरेजमध्ये गळाच्या काठ्या बनवतात; हिवाळ्यात वेळ जाईना म्हणून मी तिथे बसू लागले.

गेल्या वर्षी अर्धांगवायूनं बाबांच्या उजव्या हाताची पकड गेली. वेंगुर्ल्याच्या बंदरावर गरवायला जाणंही सुटलं. शाळेत पेन्सिल धरता न येणाऱ्या मुलांना मी कापड गुंडाळून पेन्सिल जाड करून द्यायचे. तेच आठवलं.

ईव्हीए फोमची जाड नळी आणली. धारदार पात्यानं लांबी कापली. गोल कानशीनं भोक वाढवताना घाई केली आणि पहिली मूठ काठीवर गरगर फिरू लागली. भोक काठीपेक्षा किंचित लहानच हवं. फोम ताणून घट्ट बसतो. दुसऱ्यांदा मधूनमधून काठीवर घालून बघत गेले. मग नळी ड्रिलवर फिरवत आधी ८० नंबरचा, नंतर २२० चा सँडपेपर हलक्या हातानं लावला. जोर दिला की तिथे खळगा पडतो. बोटांसाठी तेवढा एक खळगा मुद्दाम ठेवला. शेवटी इपॉक्सी लावून मूठ बसवली.

मे महिन्यात दोन तुकड्यांची ती काठी बॅगेतून नेली. बाबांनी बराच वेळ मूठ दाबून पाहिली.

"बरी बसली गो हातात."

त्या संध्याकाळी मासा काही लागला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मात्र ते चपला घालून दारात उभे होते.