कुर्ल्याची माहेरवाशीण

मोटारीस माहेर असतें काय, असें वाचक विचारतील. आमच्या घरच्या फियाट गाडीस तें आहे, व गेल्या मार्गशीर्षांत आम्ही तिला तेथें नेऊन आणिलें. प्रवास पुणें ते कुर्लें एवढाच. परंतु त्यांत घरांतील एक भांडण मिटलें, म्हणून ही हकीकत लिहीत आहों.

गाडी सन १९६८ ची. आमचे वडील बंधु कै. दादा यांनीं ती १९८१ सालीं दुसऱ्या मालकाकडून घेतली. तीन लग्नें, दोन बाळंतपणें आणि मातोश्रींचा इस्पितळाचा शेवटचा प्रवास, एवढ्या साऱ्यास ती साक्षी आहे. दादांच्या मागें ती अंगणांत पत्र्याखालीं उभीच होती. यंदा दादांचे चिरंजीव म्हणाले, "काका, हिचें इंजिन काढून नवें घालूं. डिस्क ब्रेक, वातानुकूलन, रुंद चाकें. बाहेरून जुनी, आंतून नवी." आम्हीं ताडकन् उत्तर दिलें, "दादांची गाडी आहे. तिचा एक खिळाहि हलवावयाचा नाहीं." त्यानंतर पंधरा दिवस पंक्तीस बसल्यावर काका-पुतण्यांचें बोलणें मीठ-पाण्यापुरतें उरलें. अखेर वहिनींनीं तोड काढिली: "आधीं गाडी रस्त्यावर काढा, मग भांडा. कुर्ल्यास जुन्या सुट्या भागांचा बाजार आहे ना? मीहि येतें."

मिस्त्रीकडून गाडी चालती करून घेतली व एका पहांटे निघालों. द्रुतगति मार्ग सोडून देहूरोड, तळेगांव, वडगांव, कामशेत असा जुना रस्ता धरिला. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबासच असल्यामुळें पुढील सलग बैठकीवर तिघेहि सुखानें बसलों. १०८९ घनसेंटिमीटरचें, सुमारें ४० अश्वशक्तीचें तें लहानसें इंजिन. पण मावळांतील थंड हवेंत तें तक्रार न करतां चाललें होतें.

खंडाळ्यापुढें जुना रस्ता व द्रुतगति मार्ग कांहीं अंतर एकच होतात. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला. त्या काळचा दगडी पूल, ज्यास लोक अमृतांजन पूल म्हणत, तेथें उभा होता. वाहतुकीस अडचण होते म्हणून एप्रिल २०२० मध्यें तो सुरुंगानें पाडण्यांत आला. संधि साधून आम्ही म्हणालों, "पाहा, मोडलेलें परत येत नाहीं." पुतण्या म्हणाला, "त्या कमानीपाशीं गाड्या कशा तुंबत असत, तेंहि सांगा." दोघांचेंहि खरें होतें.

शिंग्रोबाच्या देवळाशीं वहिनींनीं नाणें वाहिलें. पुढील उतारावर मात्र करपल्याचा वास येऊं लागला आणि ब्रेकचें पायटें मऊ पडलें. दोष गाडीचा नव्हे, आमच्या पायाचा. उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी आवरावयाची सोडून आम्हीं ब्रेक दाबून धरिला होता. चारहि चाकांस ड्रमचे ब्रेक. आंत कोंडलेली उष्णता लवकर निघत नाहीं, व तापलेल्या पट्ट्यांची पकड सुटते. कडेस अर्धा तास थांबलों. पुतण्या एक शब्दहि बोलला नाहीं. तेंच आम्हांस अधिक लागलें. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे दादा ही गाडी वापरीत असत, पुजीत नसत. आजवर कितीदां काय बदललें तें माझ्या हिशेबाच्या वहींत आहे."

आम्ही गप्प राहिलों. संस्कृत शिकविण्यांत आमचा जन्म गेला. नागसेन भिक्षूनें मिलिंद राजास घातलेलें रथाचें कोडें वर्गांत कितीदां तरी सांगितलें असेल: चाक रथ नव्हे, आंस रथ नव्हे, जूं रथ नव्हे; मग रथ तो कोणता? आज तें कोडें आमच्याच अंगणांतून निघून घाटांत उभें होतें.

दुपारीं कुर्ल्यास पोंचलों. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमियर कंपनीचा कारखाना येथें होता. मुंबईकर ज्या घाटास 'डुक्कर फियाट' म्हणत तो १९५४ चा. १९६४ पासून 'डिलाइट', आणि १९७४ पासून तीच 'पद्मिनी'. काळ्या-पिवळ्या टॅक्सी होऊन तिनें मुंबई वाहिली. ऑक्टोबर २०२३ मध्यें शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीहि मुदत संपली. कारखान्याच्या जागेवर आतां उंच इमारती आहेत. माहेरीं आलेल्या लेकीस घरच सांपडूं नये, तसें झालें. पुतण्या बराच वेळ काचेवर हात ठेवून उभा होता.

बाजारांतील एका वृद्ध मिस्त्रीनें इंजिनावरील आंकडा नोंदणीपत्राशीं ताडून पाहिला आणि तें मूळचेंच असल्याचें सांगितलें. मात्र हल्लींच्या पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल असतें, त्यानें जुनें रबर खराब होतें. नळ्या आजच बदला, असेंहि बजावलें.

चहा घेतांना पुतण्यानें स्वतःच नियम वाचून दाखविले. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपांतील गाडी 'व्ही ए' अक्षरांच्या निराळ्या नोंदणीस पात्र ठरते; फी २०,००० रुपये. सांगाडा, अंग वा इंजिन यांत मोठा फेरबदल केला कीं ती पात्रता जाते. परंतु तशी नोंदणी केल्यावर गाडी नित्याच्या कामास काढतां येत नाहीं. प्रदर्शनें, जुन्या गाड्यांच्या फेऱ्या, दुरुस्ती, इंधन, इतक्यापुरतीच. म्हणजे त्याच्या बेतानें गाडीचें गाडीपण जाणार, आणि आमच्या बेतानें वहिनींची एकादशीची आळंदी!

फियाटचें मूळ गांव इटलींतील तुरीन. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सनदेसहि त्याच गांवाचें नांव आहे. वापरासाठीं फेरबदल करणें भाग पडलें तर तो शक्यतों पुन्हां काढतां येण्याजोगा असावा, व काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपावे, असें तींत सुचविलें आहे. आम्हांस वाट सांपडली. ब्रेकचे पट्टे व नळ्या, इंधनाच्या नळ्या, टायर, दिवे हें नवें घ्यावयाचें. इंजिन, अंग व खांबावरचा गिअर यांस हात लावावयाचा नाहीं. निराळी नोंदणी आज घ्यावयाची नाहीं, पण तिचा दरवाजाहि बंद करावयाचा नाहीं. पुतण्यानें वातानुकूलनाचा हट्ट सोडला, आम्हीं खिळ्याची प्रतिज्ञा सोडली.

पट्टे व नळ्या तेथेंच बसवून घेतल्या. परततांना घाट पुतण्यानें चढविला, दुसऱ्या गिअरमध्यें, गाडीच्या कलानें. घरीं येतांच काढलेले भाग पुसून दादांच्या जुन्या ट्रंकेंत ठेविले, आणि वहिनींच्या वहींत त्या दिवसाची नोंद पुतण्यानें आपल्या हातानें केली. दादांच्या शेवटच्या नोंदीखालची ओळ रिकामीच होती.