५९८ नंबरचं कपाट
सहावीत असताना शहरातल्या मोठ्या वाचनालयात पहिल्यांदा गेलो. एवढी कपाटं बघून छातीच दडपली! हवं होतं पक्ष्यांवरचं पुस्तक, पण विचारायची लाज. दोन शनिवार हात हलवत परत आलो. तिसऱ्या शनिवारी ग्रंथपालबाईंनीच हटकलं, "काय रे, काय शोधतोस?"

त्यांनी कार्डांचा खण ओढला. अमेरिकेतल्या मेल्व्हिल ड्युई यांनी १८७६ साली विषयांना आकडे दिले. ५०० विज्ञान, ५९० प्राणी, ५९८ पक्षी. आकडा चिठ्ठीवर उतरवला नि कपाट सापडलं.

पुस्तक मात्र गायब! कुणीतरी वाचून भलतीकडेच खोचलेलं. (म्हणून मुलांनो, वाचलेलं पुस्तक टेबलावरच ठेवा, कपाटात नको.) बाई आणि मी अर्धा तास शोधत होतो. सापडलं ते ६४१मध्ये, स्वयंपाकाच्या पुस्तकांत!