डिडन्ट वेन्ट

बिदरला मैलूरमध्ये माझी मावसबहीण असते. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, बिदर म्हैसूर राज्यात गेलं, पण तिच्या सासरच्या घरातली मराठी काही गेली नाही. शाळा मात्र कन्नड.

बोलता बोलता मी 'आय डिडन्ट वेन्ट' म्हणालो. तिचा सातवीतला मुलगा हसला नाही, हे विशेष. म्हणाला, "मामा, कन्नडात 'होगलिल्ला'. होगलु म्हणजे जायला, इल्ला म्हणजे नाही. 'गेलो' आहे का त्यात कुठे? तसंच डिडन्ट गो."

मी चाटच पडलो. आपलं 'गेलो नाही', कोकणीत 'गेलों ना'. भूतकाळ क्रियापदाच्याच गळ्यात, म्हणून जीभ वेन्टकडे धावते. 'वी वॉझन्ट'चंही तेच. मी नव्हतो, आम्हीही नव्हतो. वेरन्ट सुचणार कुठून? (बायकांचं बरं, त्यांचं 'मी नव्हते' तरी वेगळं.)

नोकरीला लागलो तेव्हा साहेबांनी माझ्या टिपणातल्या 'डिड नॉट रिसीव्हड'भोवती लाल वर्तुळ काढून ते सगळ्या सेक्शनला दाखवलं होतं. तेव्हापासून इंग्रजी टिपण दुसऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय मी पुढे पाठवत नसे.

गोव्यात परतल्यावर परवा एक कुणाला न दाखवता वर पाठवलं. अजून परत आलेलं नाही.