साठ लिटरांचा समुद्र

आमच्या रामाकोन्याचे आणि समुद्राचे काही देणेघेणे नाही. इथे काळी माती, संत्र्याचे बगीचे, कपाशी आणि आमची कन्हान. ही कन्हान पुढे वैनगंगेला मिळते, वैनगंगा प्राणहिता होऊन गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमचे पाणी समुद्राकडे जाते. पण समुद्र, पावसाचा अपवाद सोडला तर, आमच्याकडे कधी येत नाही. २०२३ साली आमचा जिल्हा छिंदवाड्याचा पांढुर्णा झाला, तरी समुद्र काही बोटभरही जवळ आला नाही.

तो घरी आणावा ही बुद्धी मला सेवानिवृत्तीनंतर झाली. मूळ मात्र जुने आहे. मास्तर असताना मुलांची सहल घेऊन मुंबईला गेलो होतो. तिथले तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचे. त्याच्या काचेसमोर मी मुलांपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो. त्या माशांचे रंग कोणत्याही गोड्या पाण्यात पाहिलेले नव्हते. पुढे संसारात ते मागे पडले. गेल्या वर्षी नागपूरचा नातू उन्हाळ्याच्या सुट्टीत आला आणि त्याने २००३ सालच्या त्या कार्टूनपटातला नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा दाखवून विचारले, "आबाजी, हा आपल्या घरी राहू शकतो का?" झाले! विझलेल्या चुलीत ठिणगी निघाली.

नागपूरच्या एका दुकानात चौकशी केली. त्यांनी यादी काढली: पाणी थंड करणारे यंत्र, खास दिवे, फेस काढून घाण वेगळी करणारे उपकरण आणि असे बरेच काही. बेरीज माझ्या पेन्शनच्या बाहेरची. मी यादी खिशात घातली आणि मनाशी म्हटले, गुरुजी, आयुष्यभर काटकसरीवर निबंध लिहून घेतले, आता स्वतः लिहा.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी काचेची पेटी घेतली. माती-दगडांसाठी जागा सोडून तीत साठ लिटर पाणी मावते. पेटी ठेवायला जुने सागवानी टेबल होते. पाणी हलवायला कूलरची पडून असलेली मोटर लावली. तळाला नदीची वाळू. खारट पाण्यासाठीचे मीठ मात्र विकतच घ्यावे लागले, कारण समुद्र म्हणजे नुसते खायचे मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असे बरेच काही ठरावीक प्रमाणात असते. पाणी तपासायचे औषधांच्या थेंबांचे किट दुकानदाराने पुढे केले होते. त्याची किंमत ऐकून मी ते परत सरकवले. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, मग तपासायचे काय?

चौथ्या दिवशी दोन मासे आणून सोडले. नातवाचा आनंद काय वर्णावा! सौभाग्यवती मात्र दारातूनच म्हणाल्या, "काऊन जी, माणसायले प्यायले बोरचं पाणी अन् मासोळ्यायले आर.ओ.चं?" मी हसून वेळ मारून नेली.

सहाव्या दिवशी सकाळी दोन्ही मासे तळाशी आडवे पडलेले होते. नातू बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "आबाजी, माझ्यामुळे मेले का? काल मी दाणे जास्त टाकले होते."

वाचकहो, मी लगेच 'नाही' म्हणालो नाही. 'असेल बाबा, पुढे सांभाळू,' असे काहीसे पुटपुटलो. त्याच दिवशी मोटर काढायला हात घातला तेव्हा बोटांना झिणझिण्या आल्या. मोटरचे स्क्रू गंजले होते आणि वीज पाण्यात उतरत होती. तोच हात नातवाचा असता तर? त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी नातू नागपूरला परत गेला, दोन माशांचा जीव आपल्या डोक्यावर घेऊन.

मग मी खरोखर विद्यार्थी झालो. किट विकत आणले, आणि त्या साठवलेल्या पाण्यात थेंब टाकताच नळी गर्द हिरवी झाली. अमोनिया! माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून तो तयार होतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि समुद्राच्या अल्कधर्मी पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा अधिक मारक ठरतो. त्याला खाणारे जीवाणू पेटीत आपोआप वस्तीला येतात. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट. पण ही वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी दिले होते चार दिवस. नातवाने चिमूटभर दाणे कमी टाकले असते तरी ते मासे वाचते ना.

म्हणून दुसऱ्या खेपेला खर्चाचा हिशोब नव्याने मांडला. कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हे आता नीट कळले होते. महागडे दिवे लागतात ते प्रवाळासाठी. आणि प्रवाळ व समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, ते घरात आणणे गुन्हा. माशांना साधा एलईडी दिवा पुरतो. म्हणजे कायद्यानेच माझे पैसे वाचवले! नदीच्या वाळूऐवजी कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात तो शिंपल्यांचा चुरा चांगला धुऊन घातला. त्यातला चुना पाण्याची अल्कता सांभाळायला मदत करतो. थंड करणाऱ्या यंत्राच्या जागी जुन्या संगणकाचा छोटा पंखा पाण्यावर वारा घालतो. तत्त्व आपल्या माठाचेच. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. पावसाळ्यात कूलरसारखाच तोही निकामी होतो, पण तेव्हा त्याची फारशी गरजही नसते.

जिथे वाचवले नाही त्या गोष्टी चार: खाऱ्या पाण्यासाठीच बनवलेला पंप, झटका बसण्याआधी वीज तोडणारा स्विच, किट, आणि खारेपणा मोजायचा हायड्रोमीटर. लिटरला पस्तीस ग्रॅम म्हणजे साठ लिटरांना दोन किलो शंभर ग्रॅम मीठ. पाणी उडून जाते, मीठ मागेच राहते. म्हणून कमी झालेल्या पाण्यात गोडे पाणीच घालायचे, खारे नाही. आठवड्याला सहा लिटर पाणी बदलायचे, तेवढेच मीठ मिसळलेले. हिवाळ्यासाठी पंचाहत्तर वॅटचा हीटर आणला, कारण आमच्याकडे डिसेंबरच्या रात्री चांगल्याच गारठ्याच्या असतात. वीज गेली की चालणारा बॅटरीचा हवापंपही घेतला. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्यापेक्षा कमी विरघळतो आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही.

आणि पाचवी गोष्ट विकत मिळत नाही: सहा आठवडे. रिकाम्या पेटीत रोज चिमूटभर दाणे टाकत मी बसलो. शेजारी विचारत, "गुरुजी, मासोळी कुठं हाय?" मी सांगे, "येऊन रायली." वहीत आकडे लिहिले. अमोनिया वर चढला, मग उतरला. मागोमाग नायट्राइट चढले आणि उतरले. ज्या दिवशी दोन्ही शून्य झाले त्या दिवशी नातवाला फोन केला.

आधी मासे आले हे सांगितले नाही. सांगितले ते असे: "बेटा, ते दोन मासे तुझ्या दाण्यांनी नाही मेले. तुझ्या आबाजीने घाई केली आणि तपासायच्या औषधाचे पैसे वाचवले, म्हणून मेले. तेव्हाच सांगायला पाहिजे होते." पलीकडे थोडा वेळ आवाज नव्हता. मग म्हणाला, "मले माहीत नव्हतं आबाजी. मी आईलेही नाही सांगितलं."

नवे दोन क्लाउन मासे पैदास केंद्रातले आहेत, समुद्रातून पकडलेले नाहीत, हे विचारून, पक्के करून घेतले. या जातीत सगळे मासे नर म्हणूनच वाढतात आणि जोडीतला मोठा मादी होतो, हे ऐकून सौभाग्यवतींनी पहिल्यांदा खुर्ची काचेजवळ ओढली. "असं होय!" म्हणाल्या, आणि मग आर.ओ.च्या पाण्याबद्दल पुन्हा बोलल्या नाहीत.

यंदा दिवाळीला नातू आला. फटाके बाजूला ठेवून त्याने आधी हायड्रोमीटर पाण्यात सोडला आणि वहीत लिहिले: १.०२५. दाण्यांचा डबा त्याने माझ्यापुढे धरला.

"किती टाकू आबाजी?"

"तूच सांग," मी म्हणालो.

त्याने चिमटीत चार दाणे घेतले, थोडा विचार केला, आणि एक परत डब्यात टाकला.