मागच्या बाजूची खोली

आवाजाची सवय नाही असं आम्हा मोखाड्याकडच्या पोशेरा गावच्या माणसांना कुणी म्हणू नये. पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळायला लागली की शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं. बेडूक आणि रातकिडे रात्रभर थांबत नाहीत. मोखाड्याच्या बोहाड्यात, सोंगांच्या उत्सवात, संबळ पहाटेपर्यंत वाजत असतो आणि पोरं आईच्या मांडीवर बिनघोर झोपतात. पण आईला तपासण्यांसाठी परळला केईएममध्ये न्यायचं म्हणून दादर पश्चिमेला, स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलो, तेव्हा पहिल्या रात्री आम्हा दोघांच्याही डोळ्याला डोळा लागला नाही.

खोडाळ्यावरून कसारा आणि तिथून लोकल, एवढ्या प्रवासानं आई आधीच दमली होती. सकाळी रक्तदाब मोजणार, रात्री झोप नीट होऊ द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मॅनेजरनं चांगल्या मनानं आम्हाला समोरची, हवेशीर खोली दिली. खिडकीखाली रस्ता. अकरापर्यंत बस आणि टॅक्सी, मग दुकानांची शटरं खाली येण्याचा खडखडाट, त्यानंतर मागे घेताना पीं-पीं करणारे टेम्पो. आई उठून बसली. म्हणाली, "हे लोक निजतात कवा रं?"

त्या रात्री जागेपणी माझ्या ध्यानात आलं की आवाज मोठा आहे म्हणून झोप मोडत नव्हती. डोक्यावरचा पंखा घरघरत होता, त्याचा त्रास नव्हता. लांबून लोकलची धडधड येत होती, तिचाही नव्हता. झोप मोडत होता तो हॉर्न. झोपेतही कान पहारा देत असतात. एकसारखा आवाज ते सोडून देतात, अचानक उठलेल्या आवाजावर मात्र दचकतात. माणूस जागा झाला नाही तरी छातीचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. पत्र्यावरचा पाऊस आणि टॅक्सीचा भोंगा यांतला फरक हाच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 साली युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची मर्यादा सुचवली, ती घराबाहेर सरासरी 40 डेसिबल. आपल्याकडचे नियम 2000 सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात वस्तीच्या भागात 45 आणि बाजारपेठेत 55 डेसिबल. इस्पितळाभोवती शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असेल तर तिथे 40. डेसिबलचं गणित साधं नाही. दहानं आकडा वाढला की आवाजाची ताकद दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. दादरच्या त्या रस्त्यावर मोजायला माझ्याकडे यंत्र नव्हतं, पण आईच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं.

चारच्या सुमारास मी झोपेचा नाद सोडला आणि खाली उतरलो. केशवसुत उड्डाणपुलाखालचा फुलबाजार जागा होत होता. हातगाड्या, डोक्यावर टोपल्या घेतलेले हमाल, "बाजू, बाजू" अशी हाक, गोण्या उतरल्याचे धप्प आवाज. आमच्या जव्हार-मोखाड्याकडचा मोगरा याच बाजारात येतो. कळ्या उमलायच्या आत, उजाडण्यापूर्वी बाया तोडायला जातात आणि इथे मिळालेल्या भावावर गावात कुणाचा किराणा, कुणाची वह्या-पुस्तकं ठरतात. त्या बाजाराच्या गलक्यावर माझा राग निघेना. हमालानं हाक मारली नाही तर कुणाच्या तरी पायावरून गाडी जाईल. पण पुढे रस्ता मोकळा असताना हॉर्नवर हात ठेवून जाणाऱ्या गाडीला कसली घाई? 2020 च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी काही सिग्नलांवर एक प्रयोग दाखवला होता. त्यात दादरजवळचं हिंदमाताही होतं. हॉर्नचा आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायची. असा दिवा रात्रभर चालू राहिला तर किती पेशंटांची झोप वाचेल!

दुसऱ्या दिवशी मी खोलीच बदलून मागितली. मागच्या बाजूची, डक्टकडे उघडणारी खोली रिकामी होती. हवा कमी, उजेड नाही, म्हणून ती कुणी घेत नाही. मला तीच हवी होती. तीही पुरती शांत नव्हती. खिडकी सरकत्या अॅल्युमिनियमची. दोन तावदानांच्या सांध्यावर तळहात धरला तर गार वारा लागत होता, आणि जिथून वारा येतो तिथून आवाजही येतो. जुन्या वर्तमानपत्राच्या घट्ट घड्या करून तो सांधा बुजवला. खरी वाट मात्र मोरीच्या जाळीतून होती. काचेच्या तिरक्या पट्ट्या, त्यातल्या दोन गायब. मोरीचं दार लावून खाली टॉवेलची वळकटी सरकवली तेव्हा खोली एकदम लांब गेल्यासारखी वाटली. आईची खाट खिडकीच्या भिंतीपासून ओढून आतल्या भिंतीला लावली आणि पंखा मुद्दाम जोरात ठेवला.

मेडिकलमधून फोमचे बोळे आणले. ते नुसते कानात खुपसले तर उपयोग शून्य. बोटांच्या चिमटीत वळून काडीसारखे बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. आईनं आधी मान हलवली. कापूस दे म्हणाली. पण कापसानं फारसं काही अडत नाही. शेवटी माझ्या कानात घालून दाखवला तेव्हा तयार झाली. मी मात्र एकाच कानात घातला. रात्री तिनं हाक मारली तर ऐकू यायला हवी, म्हणून दुसरा कान मोकळा ठेवला आणि त्या कुशीवर झोपलो नाही. पेशंटासोबत राहणाऱ्यानं दोन्ही कान बंद करू नयेत, एवढं मी आवर्जून सांगेन.

एका रात्री दहानंतर बाजूच्या गल्लीत वरातीचा डीजे आला. भिंत थरथरते तो आवाज बोळ्यानं, खिडकीनं, कशानंच अडत नाही. मी 100 नंबर लावला. गावाकडचा माणूस मुंबईच्या पोलिसांना फोन करायला कचरतो, मीही आधी थोडा घुटमळलो. पण उघड्यावर दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2005 च्या निकालात हे ठाम सांगितलं आहे. सूट मिळते ती वर्षातल्या ठरावीक सणांच्या दिवशी, तीही बारापर्यंतच. मी रस्त्याचं नाव आणि खूण सांगितली. थोड्या वेळानं डीजे बंद झाला. या मुंबईत डॉ. यशवंत ओक, सुमैरा अब्दुलअली यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं गोंगाटाविरुद्ध कोर्टात लढली, म्हणून माझ्यासारख्याला असा फोन करता येतो.

निघताना मॅनेजरला म्हटलं, दादर-परळच्या लॉजवर निम्मे लोक इस्पितळासाठीच येतात. खोली देताना "सोबत पेशंट आहे का" एवढं विचारा आणि असेल तर मागची खोली द्या, उजेड नसला तरी चालेल. त्यानं मान हलवली आणि पुढच्या तारखेच्या आठवडाभर आधी फोन करा म्हणाला. त्या खोलीचा नंबर मी आईच्या केसपेपरच्या मागे लिहून ठेवला आहे. मोरीच्या जाळीच्या दोन काचा तेवढ्या बसवून घ्या, असंही त्याला सांगून आलो.